इलिंकाच्या कोंबड्या

खुराडं कसं बांधायचं, एवढंच तुम्ही विचारलंत. तेवढं सांगून मला मोकळं होता आलं असतं. जाळी कुठली घ्यायची, दाराला कडी कशी लावायची, झालं. मी सुतार माणूस. इथं क्लुज शहरात कोणी विचारलं तर तेवढंच सांगतो. पण तुमचं घर गावाबाहेर, आणि कुंपणाच्या मागं लगेच बीचच्या झाडांचं रान, असं म्हणालात. म्हणून म्हटलं, बसा थोडं. दिवा असा जवळ घ्या. बायको आत झोपली आहे, आवाज जरा लहान ठेवू.

त्या दिवशी मी जाळी आणायला खालच्या गावच्या बाजारात गेलो होतो. सप्टेंबर होता. आमचं घर आपुसेनीच्या डोंगरात, उतारावर. तिथं घराला घर लागून नसतं; एक या टेकाडावर, दुसरं पलीकडच्या. शेजाऱ्याला काही सांगायचं तर अंगणात उभं राहून हाक मारायची. संध्याकाळी हवा गार झाली की आवाज फार लांब जातो.

बाजारात गेरासिम भेटला. पलीकडच्या टेकाडावर म्हाताऱ्या आईबरोबर राहतो, माझा लहानपणापासूनचा दोस्त. माझ्या खांद्यावरचं जाळीचं भेंडोळं बघून म्हणाला, "काय रे निस्तोर, तुरुंग बांधतोयस की काय?"

"कोल्ह्यानं तीन नेल्या."

"तीनच? माझं तर गेल्या साली अख्खं खुराडं साफ केलं त्यानं. मी बोललो का कोणाला? आई बोलली, ती गोष्ट वेगळी." मग हसणं आवरून त्यानं हळूच माझ्या बायकोचं विचारलं, "साफ्ता कशी आहे?"

"आहे," मी म्हटलं.

त्यानं भेंडोळं माझ्या खांद्यावरून काढून स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि अर्धा चढ माझ्याबरोबर मुकाट चालला.

आमची मुलगी इलिंका मार्चात गेली. नऊ वर्षांची होती. ताप आला आणि डोक्यात गेला. आणखी काय सांगू? आम्हाला फार उशिरा झालेली पोर. साफ्ताचे केस तेव्हाच पिकायला लागले होते. लोक तिला पोरीची आजी समजायचे, आणि ती रागवायची नाही, उलट खूश व्हायची.

कोंबड्या इलिंकाच्या होत्या. पिल्लं असताना तिनंच चुलीपाशी खोक्यात वाढवलेल्या. प्रत्येकीला नाव. एक तुरेवाली. एक काळी, नुसतीच काळी. एक उघड्या मानेची होती, आमच्याकडे ती जात फार. ही छाती काढून अशी तोऱ्यात चालायची की इलिंकानं तिचं नाव पाद्रीणबाई ठेवलं. एकदा गावच्या पाद्र्याची बायको खरोखरच घरी आली होती. ही कार्टी अंगणातून ओरडली, "ए पाद्रीणबाई, चल, अंडं घालायला बस!" साफ्तानं तोंडात रुमाल कोंबला. आत आमच्या पाहुणीचा कप बशीवर वाजत होता.

दिवस मावळायला आला की इलिंका पायरीवर उभी राहून त्यांना बोलवायची. आमच्याकडे कोंबड्यांना 'पुइ-पुइ-पुइ' म्हणून बोलावतात. तिचा पुढचा दात पडला होता, त्यामुळे तिचं 'फुइ-फुइ-फुइ' व्हायचं. शेवटचं 'फुइ' वर चढायचं, आणि मग जीभ टाळूला लावून एक 'टॉक'. का, ते तिलाच ठाऊक. कोंबड्या टेकाडाच्या कुठल्याही कोपऱ्यातून धावत यायच्या. मी बोलावलं तर मान वर करून बघायच्या आणि पुन्हा माती उकरायला लागायच्या.

ती गेली त्याच्या आदल्या संध्याकाळी तापात तिनं डोळे उघडले आणि आईला विचारलं, "त्यांचं दार लावलंस?" लावलं म्हणाली साफ्ता. मग पोर निजली.

साफ्ता रडली नाही. पुरताना नाही, चाळिसाव्या दिवशी तिच्या नावानं उकडलेले गहू वाटताना नाही. ती फक्त कोंबड्यांचं करायची. सकाळी दार उघडायची, संध्याकाळी लावायची, आणि मधला सगळा वेळ, मला वाटतं, ती त्या दोन गोष्टींची वाट बघत असायची. त्यामुळं कोल्ह्यानं उकरून आत शिरून जेव्हा तीन मारल्या आणि अंगणभर पिसं पसरली, तेव्हा तिचा चेहरा बघवेना. मी त्याच आठवड्यात बाजाराला गेलो.

आता खुराड्याचं नीट ऐका, कारण ते मी चांगलं बांधलं होतं. ती पातळ, मधमाशीच्या पोळ्यासारख्या भोकांची जाळी घेऊ नका. तिच्यानं कोंबडी आत राहते, कोल्हा बाहेर राहत नाही. तो दातानं फाडतो. जाड तारेची, बोट जेमतेम जाईल अशा चौकोनांची घ्या. आणि जाळी भिंतीपाशी संपवू नका. भिंतीपासून बाहेरच्या बाजूला हातभर जमिनीखाली आडवी पसरा. कोल्हा भिंतीच्या मुळाशीच उकरतो. पंजाला तार लागली की थोडं मागं सरून उकरावं, हे त्याला सुचत नाही. वरूनही झाका. घारीसाठी, आणि त्या दुसऱ्या जनावरासाठी, मुंगसाएवढं लांबट असतं, झाडावरून उतरतं, खायला एक पुरत असली तरी सगळ्यांच्या माना फोडून जातं. कडी अशी हवी की आधी उचलावी लागेल, मग ओढावी लागेल. नाकानं ढकलून उघडेल अशी नको. आणि दिवस बुडायच्या आत दार बंद. यात हयगय नाही.

कोल्हा आला. सकाळी ओल्या मातीत त्याचे पंजे दिसले, खुराड्याभोवती चक्कर, पुन्हा चक्कर, एका ठिकाणी उकरलेलं, आणि मग पंजे सरळ खाली ओढ्याकडे गेलेले. पुन्हा तो आला नाही. साफ्तानं ते पंजे बघितले आणि पोर गेल्यापासून पहिल्यांदा माझ्या दंडावर हात ठेवला.

मग ऑक्टोबरात काळी गेली.

पीस नाही, रक्त नाही, उकरलेलं नाही. जाळी शाबूत. सकाळी मोजल्या तर एक कमी. मला वाटलं, घारीनं दिवसा नेली असेल. दोन दिवसांनी तुरेवाली गेली. मग आणखी एक. मी जाळीची एकेक तार बोटानं चाचपली.

गेरासिम येऊन बघून गेला. "निस्तोर, एवढं मजबूत तर आमचं चर्चही नाही," तो म्हणाला. "दार लावता ना तुम्ही? की उघडं ठेवून देवावर हवाला?"

"साफ्ता लावते. रोज."

"मग माझा कुत्रा ठेव दोन दिवस. अस्वलावर धावून गेलेला आहे तो."

खरंच दांडगा कुत्रा होता. दिवसभर अंगणात ऐटीत पडून राहिला. पण ऊन टेकाडावरून उतरलं, रानातून ती ओल्या पाल्याची थंडी खाली यायला लागली, आणि कुत्रा उठून उभा राहिला. भुंकला नाही. रानाकडे बघत एकेक पाऊल मागं आला, आणि घराच्या जोत्याखाली जी फट होती तिच्यात अंग चोरून शिरला. सकाळी मटणाचं हाड दाखवलं तेव्हा बाहेर आला.

दुसऱ्या संध्याकाळी मी साफ्ताला सांगितलं, लाकडं आणायला जातो. आणि घरामागून वळून गवताच्या कोठारात जाऊन बसलो. फळ्यांच्या फटीतून खुराडं समोर दिसत होतं.

उजेड अजून होता. प्लमच्या झाडांची पानं गळून गेली होती, त्यांच्या पलीकडे कुंपणाचं फाटक, आणि फाटकापलीकडे लगेच रान. कोंबड्या एकेक करून आत जात होत्या, दांडीवर जागेसाठी भांडत होत्या, तो नेहमीचा कुरकुरीचा आवाज. साफ्ता आली. दाराशी उभी राहिली. आता लावेल, म्हणून मी बघत होतो. ती लावेना. दार हातात धरून ती रानाकडे तोंड करून उभी राहिली.

कुरकुर एकाएकी थांबली.

सगळ्या कोंबड्यांच्या माना एकाच बाजूला वळल्या होत्या. मग एक दांडीवरून खाली उतरली. साफ्ताच्या पायाजवळून बाहेर आली. कोंबडी दिवेलागणीला बाहेर पडत नाही, हे तुम्हाला ठाऊक असेल. तिला अंधारात दिसत नाही, ती भिते. ही मुळीच भ्यायली नव्हती. दाणे टाकले की कशी लगबगीनं जाते, तशी मान पुढं काढून झाडांमधून चालली होती, फाटकाखालून सरपटली, आणि रानात गेली.

आणि तेव्हा मला ऐकू आलं.

"फुइ... फुइ... फुइ..."

शेवटचं वर चढलं. मग थोडा वेळ काही नाही. मग तो 'टॉक'.

गवताचा वास नाकात भरला होता, आणि मी तोंडावर हात दाबून बसलो होतो, कारण नाहीतर मी तिला हाक मारली असती. रानात एकदाच कसलीतरी फडफड झाली. पुन्हा सगळं शांत. साफ्तानं दार लावलं, कडी उचलून ओढून घातली, आणि एप्रनला हात पुसत घराकडे निघाली.

मी कोठारातून बाहेर आलो. ती दचकली नाही.

"ऐकलंस?" तिनं विचारलं.

"केव्हापासून?"

"काळी गेली तेव्हापासून. त्या दिवशी दार लावायला उशीर झाला होता मला." ती पायरीवर बसली. "रोज नाही येत. एखादी बाहेर सोडली की येते. दार बंद असलं तर येत नाही. मी करून बघितलंय."

"साफ्ता... ती इलिंका नाही."

"माहीत आहे मला."

तिनं फाटकाकडे बघितलं.

"पहिल्या दिवसापासून माहीत आहे," ती म्हणाली. "आई आहे मी तिची. माझी पोर कोंबड्यांना रानात बोलावेल का? दार लाव म्हणणारी पोर ती. पण निस्तोर, आवाज तर तिचाच आहे ना रे! फोटो आहेत आपल्याकडे, तिचे बूट आहेत, कपडे आहेत. आवाज कुठंय? मी रात्री पडून आठवायला बघते आणि मला येत नाही. शब्द येतात, आवाज येत नाही. कुठनं आणू मी तो?"

मी तिच्याशेजारी बसलो. डोंगरावरून थंडी उतरत होती आणि आम्ही दोघं म्हातारी होत चाललेली माणसं अंधार पडेपर्यंत तिथं बसून राहिलो. दुसऱ्या संध्याकाळी मी तिला अडवलं नाही. कडी मीच उचलून दिली. तो आवाजही ऐकला. दोघांनी मिळून ऐकला, एकमेकांचा हात धरून. पोर जन्मली तेव्हाही आम्ही इतके जवळ बसलो नसू.

असं किती दिवस चाललं असतं कोण जाणे. पण गेरासिमच्या आईनं ऐकलं. पारास्किवा मावशी आम्हाला भोपळा द्यायला म्हणून चढ चढून आली होती, आणि तिला निघायला उशीर झाला. आम्ही तिला घाईघाईनं वाटेला लावलं, पण प्लमच्या झाडांपर्यंतच ती पोचली होती. म्हातारीनं ऐकलं, काठीवर दोन्ही हात ठेवून उभी राहिली, छातीवर क्रुसाची खूण केली, आणि परत फिरून सरळ माझ्यापुढं आली.

"किती उरल्या?"

"पाच-सहा," मी म्हटलं.

"आणि त्या संपल्या की?"

मी खुराड्याकडे बघितलं.

"अरे मूर्खा, जे कोणी बोलावतंय ते कोंबड्यांसाठी येतंय असं वाटतं तुला? पुढ्यात होत्या म्हणून त्या गेल्या. हळूहळू कोण दार उघडायला शिकलंय ते बघ." मग साफ्ताकडे वळली, आणि तिचा आवाज एकदम मऊ झाला. "लेकी, माझेही दोन पुरलेत मी. मलाही कोणी हाक मारली असती तर मी गेले असते. म्हणून सांगते, लाव ते दार."

त्याच संध्याकाळी मी दाराला कुलूप घातलं आणि किल्ली खिशात ठेवली. साफ्ता चुलीपाशी बसली होती. इतके दिवस दार बंद असलं की आवाज यायचा नाही. त्या दिवशी आला. आणि रानातून आला नाही, फाटकापासून आला.

"फुइ-फुइ-फुइ..."

खुराड्यात दणदण व्हायला लागली. मी बाहेर धावलो. कोंबड्या जाळीवर अंग आपटत होत्या, मागं जायच्या, पुन्हा धावून आपटायच्या. ओरडत नव्हत्या. ते मला सगळ्यात भयानक वाटलं, त्यांचं ते न ओरडणं. मी ती जाळी कोल्हा फाडू नये म्हणून निवडली होती. तिच्यावर आता त्यांची स्वतःची छातीची पिसं चिकटली होती, चौकोना-चौकोनातून रक्त गळत होतं. मागं साफ्ता आली आणि जाळीला हात लावून "बास कर, बास कर" म्हणायला लागली, कोंबड्यांना की त्याला, कळेना. ती फाटकाकडे निघाली. मी ओरडलो, "साफ्ता!" ती थांबेना. "साफ्ता! साफ्ता ऽऽ!" टेकाडावरून टेकाडावर गेली असेल माझी हाक. धावत जाऊन मी तिला कमरेला धरलं आणि ओढत घरात आणलं.

आवाज थांबला तेव्हा पाद्रीणबाई जाळीपाशी मरून पडली होती. बाकीच्या मी सकाळी पोत्यात घालून मावशीकडे पोचवल्या. खुराडं रिकामं झालं. दार सताड उघडं ठेवलं. मला वाटलं, आता काय नेणार?

संध्याकाळी आम्ही चुलीपाशी बसलो होतो. मक्याच्या पिठाचा मामालिगा ताटात तसाच गार होत होता. बाहेर अजून करडा उजेड होता. आणि खिडकीच्या अगदी खालून, अंगणातून, पडलेल्या दातातून वारा जातो तशा त्या बारीक आवाजात हाक आली.

"साफ्ता..."

साफ्ताच्या हातातला चमचा तसाच राहिला.

"साफ्ता ऽऽ..."

इलिंकानं आईला कधी, चुकूनसुद्धा, नावानं हाक मारली नव्हती. आई म्हणायची; लाडात आली की 'आयडे' म्हणायची. ते नाव आदल्या संध्याकाळी त्या अंगणात एकट्या माझ्या तोंडून निघालं होतं. शेवटचं अक्षर मी जसं लांबवलं होतं तसंच ते लांबवत होतं, फक्त आवाज पोरीचा.

साफ्ता माझ्याकडे बघत होती. तिलाही कळलं होतं. तिचा चेहरा हळूहळू पिळवटला, आणि मग ती रडली. मार्चापासूनचं सगळं रडली. टेबलावर डोकं ठेवून, लहान पोरासारखी हमसून हमसून. "गेली रे," म्हणत होती, "आता गेली ती." बाहेर ते हाका मारतच होतं. मी खिडकीवर घोंगडी टाकली आणि तिचं डोकं छातीशी धरून तिचे दोन्ही कान झाकले.

सकाळी ठरलं, खाली तिच्या भावाकडे जायचं. सामान न्यायला गेरासिमची गाडी लागणार होती. दुपारी धुकं उतरलं, दाट, झाडाला झाड दिसेना. साफ्ता म्हणाली, "जा तू. मी दार लावून बसते. कानात कापूस घालते." मी तिला दोनदा विचारलं. "अरे, तिच्या आवाजाला नाही जाणार मी आता," ती म्हणाली. "ते संपलं."

मी गेरासिमला घेऊन परत आलो तेव्हा घराचं दार उघडं होतं. तिचे बूट उंबऱ्यावर. कापसाचे दोन बोळे पायरीवर पडलेले.

चिखलात अनवाणी पायाचे ठसे खाली ओढ्याकडे वळलेले वाटले, म्हणून मी खाली धावलो. गेरासिम कुत्र्याला घेऊन वर रानात शिरला. मी ओढ्याकाठानं हाका मारत पळत होतो, "साफ्ता! साफ्ता!" धुक्यात माझाच आवाज माझ्यावर परत येत होता. ओढ्याला पाणी कमी होतं. ती कुठंच नव्हती. मी दगडांवरून पडलो, गुडघा फुटला, उठलो, पुन्हा हाका मारल्या. अंधार पडायच्या बेताला वरून कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं.

आमचा डोंगर चुन्याच्या दगडाचा. पाणी त्याला आतून खातं, आणि रानात मध्येच जमीन खचून खोल विहिरी पडलेल्या असतात. तशा एका विहिरीच्या काठावर गेरासिमनं तिला मागून एप्रनच्या गाठीला धरून ठेवलं होतं. त्याच्या पायाखालून माती सुटून आत पडत होती, आणि तळाला पोचल्याचा आवाज काही येत नव्हता. तिचे पाय रक्ताळलेले होते. मला बघून ती हसली, दमलेल्या माणसासारखी.

"आले ना रे मी," ती म्हणाली. "किती हाका मारशील?"

"कोणी हाका मारल्या?"

"तूच की. कापसातून ऐकू आलं मला. साफ्ता, लवकर ये, म्हणालास. दार उघडलं तर तू वर होतास, झाडांमध्ये. इकडं ये, आणखी जरा इकडं... इथवर बोलावलंस, आणि मग दिसेनासा झालास."

मी गेरासिमकडे बघितलं. ओढा तिथून कितीतरी खाली.

"मीही तुझ्या आवाजावरच वर आलो, निस्तोर," तो पुटपुटला. "मला वाटलं, तुला ती सापडली."

त्या रात्री आम्ही गेरासिमकडे राहिलो आणि उजाडल्यावर डोंगर उतरलो. घर तसंच आहे. विकायला काढलेलं नाही. कोणाला विकणार?

इथं तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. रान नाही, अंगण नाही. साफ्ता आता बरी आहे. दुकानात जाते, शेजारणीशी बोलते, रविवारी चर्चमध्ये मेणबत्ती लावते. फक्त एक गोष्ट आम्ही पाळतो. या खोलीतून त्या खोलीत एकमेकांना हाक मारत नाही. काही सांगायचं असलं की उठून जायचं, हाताला हात लावायचा, मग बोलायचं. पाहुण्यांना ते विचित्र वाटतं. काहींना वाटतं, म्हातारपणी किती प्रेम आहे यांच्यात. असेलही.

मागच्या आठवड्यात गेरासिमचा फोन आला. एरवी आधी चार शिव्या घालतो, त्या दिवशी घातल्या नाहीत. त्याच्याकडच्या कोंबड्या जायला लागल्या आहेत. पीस नाही, रक्त नाही. मी म्हटलं, कोल्हा असेल. तो म्हणाला, "एक विचारू? साफ्ता आली आहे का रे इकडं? काल दिवेलागणीला तुमच्या टेकाडावरून कोणी बाई कोंबड्यांना बोलावत होती. आईनं आवाज ओळखला. मीही ओळखला."

साफ्ता तेव्हा माझ्यासमोर, तिथं, त्या खुर्चीत शेंगा सोलत बसली होती.

मी फोन ठेवला. ती उठली, माझ्याजवळ आली, मनगटावर हात ठेवून विचारलं, "काय म्हणतो?"

"त्याच्याही कोंबड्या जाताहेत," एवढंच मी सांगितलं.

तिनं मान हलवली. खाली बघून बोटानं एप्रनवरचं सालपट काढलं. मग मान वर केली आणि अगदी हळू, कोणी ऐकू नये अशा बेतानं विचारलं,

"कोणाच्या आवाजात?"

मी तिच्या डोळ्यांकडे बघितलं. तिथं भीती दिसली असती तर बरं झालं असतं.